पांढऱ्या डोक्यांच्या काठ्या

सकाळी सहाला ताई दलदलीत उतरली आणि साडेसहाच्या आत तिला कळलं, की गिळाऱ्याने जागा बदलली आहे.

गिळाऱ्या हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. त्यांच्या आवारामागे खाडीच्या कडेने मैल-दीड मैल पाणथळ जमीन पसरली होती. बहुतेक ठिकाणी चिखल तसा भला होता. कुठे घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत, पण खाली तळ लागायचा. मधला एक पट्टा मात्र वरून साळसूद आणि आतून बेइमान. वर हिरवी लव्हाळी, चकचकीत साय धरलेलं पाणी, आणि पाय टाकला की तळ म्हणून नाहीच. बरं, हा पट्टा एका जागी बसून राहील तर शपथ. मोठी भरती येऊन गेली की तो वीस पावलं इकडे सरकायचा, तीस पावलं तिकडे.

म्हणून बाबांनी एक रीत पाडली होती. रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी घरातल्या कुणीतरी मापाची काठी घेऊन सगळी वाट पायी चालून यायची. मापाच्या काठीवर एक खाच होती, गाडीच्या आसाच्या उंचीवर. काठी खाचेच्या वर बुडाली की ती जागा त्या दिवसापुरती बाद. मग तिथल्या खुणेच्या काठ्या उपटायच्या आणि घट्ट जमीन सापडेल तिथे नव्याने रोवायच्या. खुणेच्या काठ्या म्हणजे छातीएवढ्या उंचीचे वेत, धुक्यातही दिसावेत म्हणून त्यांची डोकी पांढऱ्या रंगात बुडवलेली. त्यांच्या मधून जायचं, ती वाट. म्हणजे वाट अशी कायमची काही नव्हतीच. असायची ती त्या दिवसाची वाट.

आणि ‘घरातल्या कुणीतरी’ म्हणजे ताईने. एकोणिसाव्या वर्षापासून. आता ती त्रेसष्ट वर्षांची होती.

त्या सकाळी तिने चौदा काठ्या हलवल्या. गिळाऱ्या या वेळी खाडीकडे नाही, उलटा आवाराच्या बाजूला सरकला होता. नेहमीची सरळ वाट त्याने मधोमध गिळली होती. ताईने वाटेला मोठा वळसा दिला, वरच्या बांधाला चिकटून. काम संपेपर्यंत साडेदहा झाले आणि तिची कंबर धरली. तरी ती रोजच्यासारखी टेकायला थांबली नाही. आज पाहुणे येणार होते, आणि छोट्याला हे आधी सांगायला हवं होतं.

छोट्या म्हणजे तिचा भाऊ. वय वर्षं पन्नास, पोट सुटलेलं, केस विरळ. पण तिच्या तोंडी छोट्याच.

या दोघांची गोष्ट सांगायची तर बाबांपासून सांगावी लागते. बाबांनी कुठल्याशा शेतावरच्या लिलावात दोन मोडक्या एटीव्ही घेतल्या, तेव्हा आसपास कुणी तसलं वाहन पाहिलं नव्हतं. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. बाबा त्यांना बेडूक म्हणायचे. आई म्हणाली, ‘‘हे चिखलात खेळायला पैसे देऊन कोण येणार आहे?’’ आणि पुढच्याच सुट्टीत लोकांची रांग लागली. शहरातली नीटनेटकी माणसं यायची आणि नखशिखांत माखून, दात तेवढे पांढरे ठेवून परत जायची. दोनाच्या पाच गाड्या झाल्या, पाचाच्या बारा. बाबा गाड्या दुरुस्त करायचे, ताई वाट चालायची, गिऱ्हाइकांना घेऊन पुढे जायची, रुतलेली गाडी काढायची, आणि संध्याकाळी पाइपने सगळ्या धुवायची. या धामधुमीत तिच्या लग्नाचं राहिलं ते राहिलंच. एक स्थळ आलं होतं. मुलाने तिचे हात पाहिले, नखांतला काळा चिखल पाहिला आणि चहा अर्धा टाकून उठला. बाबा त्यावर आठवडाभर हसले. ताईही हसली, कारण बाबा हसत होते.

छोट्याला मात्र चिखलाचा वास सहन होत नसे. तो शिकला, शहरात गेला, ऑफिसात चिकटला, लग्न केलं. बाबा गेल्यावर आवार त्याच्या नावावर झालं. ताईला त्याचं वाईट वाटलं नाही. मुलाच्या नावावर होणार हे तिने गृहीतच धरलं होतं. बाबांनी तिला फक्त एक शब्द दिला होता. शेवटच्या आजारात, छोट्याला पलंगाशी बसवून ते म्हणाले होते, ‘‘शेडच्या वरच्या दोन खोल्या ताईच्या. ती आहे तोवर तिच्या.’’ छोट्याने मान डोलावली होती. कागद कुणी केला नाही. आपल्याच माणसात कागद कसला करायचा?

आता छोट्याला आवार विकायचं होतं. एक मोठी कंपनी असल्या जागा घेऊन तिथे झोपाळे, टॉवर, तंबू उभारायची. आज त्यांचे साहेब दलदल पाहायला येणार होते. जमलं तर शेड पाडणार, हे गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने ऐकलं होतं. ताईने छोट्याला सरळ विचारलं, ‘‘मग माझ्या खोल्या?’’ तर तो म्हणाला होता, ‘‘तुझं बघू ना आपण, ताई.’’

बघू. या शब्दावर ती तीन आठवडे झोपली नव्हती.

ती चिखलाने भरलेल्या बुटांनिशी आवारात आली तेव्हा छोट्या नव्या कोऱ्या जाकिटात उभा होता. जाकिटाच्या कॉलरला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती.

‘‘छोट्या, ऐक. गिळाऱ्या अलीकडे सरकलाय. मी काठ्या वर नेल्यात, बांधाच्या कडेने. पहिल्या वळणानंतर सरळ जाऊ नकोस.’’

‘‘ताई, अगं, काय हा अवतार! ते आत्ता येतील.’’

‘‘येऊ देत. तू ऐकलंस का मी काय म्हणाले?’’

‘‘ऐकलं, ऐकलं. काठ्या.’’ त्याने मोबाइल वर करून दाखवला. ‘‘हे बघ, सगळी वाट यात घातलीय. उन्हाळ्यात मी स्वतः गाडी चालवून आखली. निळी रेघ. या रेघेवरून जायचं, की झालं. कंपनीला पण हाच नकाशा पाठवलाय.’’

‘‘अरे, उन्हाळ्यातली रेघ आज कशी चालेल?’’

‘‘ताई.’’ त्याने आवाज खाली आणला. ‘‘आज नको. प्लीज. तू वर जाऊन बस. दमली असशील. मी नेतो त्यांना.’’

‘‘मी पुढे राहते ना नेहमीसारखी. मागे तू ये त्यांच्याबरोबर.’’

‘‘ते काय म्हणतील? एवढा मोठा व्यवसाय, आणि पुढे...’’ तो थांबला. वाक्य त्याने पुरं केलं नाही, पण त्याची नजर तिच्या गुडघ्याला ठिगळ लावलेल्या रबरी बुटांवर येऊन टेकली होती.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. छोट्या हसरा चेहरा चढवून धावला. ताईने कॉलरच्या चिठ्ठीबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

वरच्या खोलीत एक खिडकी दलदलीकडे उघडते. लव्हाळी उंच असल्यामुळे तिथून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. ताई खुर्ची ओढून बसली. साहेबांचा भारदस्त आवाज आला, मागोमाग त्यांच्या हाताखालच्या एका तरुण मुलीचा. ‘‘मॅडम, हेल्मेट घट्ट करा,’’ छोट्या म्हणाला. तीन गाड्या सुरू झाल्या. मग साहेबांनी काहीतरी विचारलं असावं, कारण छोट्या इंजिनाच्या वर ओरडून म्हणाला, ‘‘त्या काड्या? काही नाही हो, आमच्या ताईची हौस आहे ती!’’

त्यावर तिघंही हसले.

हौस. ताईने खिडकीच्या चौकटीवर सुकलेला चिखल नखाने खरवडला. चव्वेचाळीस वर्षं तापात, थंडीत, आईच्या दिवसांतसुद्धा पहाटे उठून तिने जी केली, ती हौस.

गाड्या लांब गेल्या. पहिलं वळण आलं हे तिला आवाजावरून कळलं. तिथे गिअर उतरवावा लागतो. आता डावीकडे, ती मनात म्हणाली. डावीकडे वळ रे. आवाज सरळ गेला. चार-सहा श्वासांनी पहिल्या इंजिनाचा सूर चढला. चाक रुततं तेव्हा इंजिन रडायला लागतं. गाडी पुढे जात नाही आणि आवाज तेवढा वर वर जातो. अशा वेळी हात आवरायचा असतो. बाबा सांगायचे, चिखल माणसाला धरत नाही, खाली हवा शिरत नाही म्हणून सगळं धरल्यासारखं होतं. जितकी धडपड कराल तितकी हवा बाहेर. पण छोट्या आणखी पिळत होता. मग दुसरं इंजिन रडलं. मग तिसरं. मग तिन्ही गप्प झाली.

ताईने घड्याळ पाहिलं. पावणेबारा. भरतीचं पाणी अडीचला दलदलीत शिरणार.

जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्री आला, हात पुसत. बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता तोही साठीला टेकलेला. गुडघा दुखायचा म्हणून एकेक पायरी चढत होता.

‘‘ऐकलंत?’’

‘‘ऐकलं.’’

‘‘तीनच्या तीन.’’ तो दारातल्या स्टुलावर बसला. ‘‘अशी सफाई गिऱ्हाइकांना पण जमत नाही. एकाच्या मागे एक, रांगेत, शिस्तीत.’’

ताईला हसू आलं आणि तिने ते आवरलं. मिस्त्रीच्या खिशात मोबाइल गुरगुरला. त्याने काढून पाहिला आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

‘‘छोटे मालक. हा चौथा.’’

‘‘घे की मग.’’

‘‘मला ऐकू येत नाही. मशीनचा आवाज असतो ना.’’ खाली एकही मशीन चालू नव्हतं. ‘‘ताई, एक बोलू? तुम्ही पण इथेच बसा. कुणी मरत नाही. तासाभरात थकतील, उतरतील, तुमच्या काठ्या धरून लोळत-रांगत येतील. साहेबाचे बूट जातील, बाईसाहेबांचा मोबाइल जाईल. गाड्या भरतीत बुडतील. आणि तो साहेब पुन्हा या फाटकात पाऊल टाकायचा नाही.’’

‘‘आणि खोल्या राहतील.’’

‘‘मी तसं म्हटलं नाही. पण राहतील.’’

फोन पाचव्यांदा गुरगुरला, सहाव्यांदा. तिचा स्वतःचा फोन समोर टेबलावर होता. तो एकदाही वाजला नाही. छोट्या मिस्त्रीला सहा वेळा बोलावत होता. तिला बोलवायला त्याची जीभ रेटत नव्हती.

तिने चहा केला. दोघांनी घेतला. साडेबारा झाले. लव्हाळ्यांतून कुणीतरी ‘‘ओऽऽ’’ करून हाक मारली, तो साहेबांचा आवाज होता. ताईने कप विसळला, पालथा घातला. तिला बाबांचं दुसरं वाक्य आठवत होतं आणि ते आठवू नये म्हणून ती कप पुन्हा विसळत होती. गाडी चिखलात सोडून घरी यायचं नाही. पाऊस असो, ताप असो, गिऱ्हाईक पळून गेलेलं असो. एकदा सोडली की सवय लागते, बाबा म्हणायचे.

तेवढ्यात दुसरी हाक आली. ती छोट्याची होती आणि तिच्यात शब्द नव्हते. ताईने ती लगेच ओळखली. तसा आवाज त्याने एकदाच काढला होता, नऊ वर्षांचा असताना. बाबा बाहेर गेले होते, आणि हा नको म्हटलेलं असताना खरेखुरे बेडूक शोधायला उतरून गिळाऱ्यात कमरेपर्यंत गेला होता. ताईने शेडचं दार बिजागऱ्यांतून उपटून चिखलावर टाकलं होतं आणि त्यावर पालथी पडून तासभर त्याच्या पायांभोवतीचा चिखल हाताने उपसला होता. वर आल्यावर तो तिला घट्ट बिलगून म्हणाला होता, ‘‘ताई, कुणाला सांगू नकोस.’’ तिने आजवर सांगितलं नव्हतं. दार कसं मोडलं म्हणून बाबांची बोलणी खाल्ली होती, तरी नाही.

‘‘मिस्त्री, फळ्या कुठे आहेत?’’

मिस्त्रीने लांब उसासा टाकला. ‘‘लादून ठेवल्यात. म्हातारीवर. दोर पण आहे.’’

‘‘तुला कसं माहीत मी जाणार ते?’’

‘‘बेचाळीस वर्षं बघतोय,’’ तो म्हणाला. ‘‘तरी म्हटलं, सांगून बघावं.’’

म्हातारी म्हणजे लिलावातल्या पहिल्या दोघींपैकी उरलेली. रंग कधीच गेलेला, पण पुढे विंच होती; लोखंडी दोर गुंडाळणारं चाक. आणि ताईच्या हाताखाली ती कधी अडली नव्हती. पहिल्या वळणावर ताई डावीकडे, आपल्या काठ्यांमध्ये शिरली. तिथून तिला चाकांचे ताजे ठसे दिसले. ते तिच्या पहिल्या पांढऱ्या काठीला अगदी घासून सरळ गेले होते. एक काठी तर चाकाखाली मोडली होती.

पुढे पाहिलं तर साहेब गाडीच्या सीटवर उभे होते, दोन्ही हात पसरून. त्यांच्यामागे ती मुलगी गाडीवर मांडी घालून बसली होती, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. छोट्या खाली उतरला होता, शहाणा. मांड्यांपर्यंत आत. नवं जाकीट काळं झालं होतं. कॉलरची चिठ्ठी तेवढी स्वच्छ राहिली होती.

‘‘ताई,’’ तो म्हणाला. नऊ वर्षांच्या आवाजात.

‘‘हलू नकोस. पाय उपटू नकोस. टाच हलव, नुसती टाच, गोल गोल. साहेब, तुम्ही खाली बसा आधी. पडलात तर तुम्हाला काढायला क्रेन लागेल.’’

ती मुलगी फिस्सकन हसली.

पुढचा दीड तास ताईला कसलीच आठवण झाली नाही, खोल्यांची, साहेबाची, कशाचीच. बांधावरच्या जुन्या खोडाला तिने दोर बांधला. फळ्या पसरल्या, आडव्या, एकीवर एक. मापाची काठी गाडीच्या पोटाखाली तिरकी घालून तिने हलवली, पुन्हा हलवली, आणि चिखलाने ‘पचाक’ करून हवा आत घेतली. ‘‘आता!’’ ती म्हणाली. विंच कण्हली, दोर ताणला गेला, आणि पहिली गाडी म्हशीसारखी अंग झाडत वर आली. साहेबांनी टाळी वाजवली. दुसऱ्या वेळी ते स्वतः फळीवर उतरून ढकलायला लागले. तिसऱ्या वेळी पाय घसरून पालथे पडले, उठले तेव्हा चेहऱ्याचा पत्ता नव्हता, आणि मुलीने हसता हसता त्यांचे फोटो काढले. छोट्याला ताईने सगळ्यांत शेवटी काढलं. काखेत हात घालून, पाठीवर झोपवून, फळीवर ओढत.

खाडीचं पाणी तोवर लव्हाळ्यांच्या बुंध्यांशी चुळबुळ करत आलं होतं.

‘‘आजी!’’ साहेब तोंडावरचा चिखल निपटत म्हणाले. ‘‘कमाल आहे तुमची! वीस वर्षांत इतकी मजा आली नाही मला. अहो, आम्ही बारा ठिकाणी गाड्या फिरवतो, सगळीकडे गुळगुळीत रस्ते. लोक कंटाळतात. हे... हे काहीतरी आहे!’’ ते छोट्याकडे वळले. ‘‘असं दर वेळी होतं?’’

छोट्या फळीवर बसून धापा टाकत होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

‘‘होतं म्हणजे काय, साहेब! हाच तर आमचा खास भाग. गाड्या रुतवायच्या, मग ताई येते. सगळं ठरवून असतं.’’

‘‘पण मघाशी तुम्ही म्हणालात वाट चुकली,’’ मुलगी म्हणाली. ‘‘रडवेले झाला होतात.’’

‘‘ते तसं दाखवायचं असतं, मॅडम. त्याशिवाय मजा कशी येणार?’’

साहेब खदाखदा हसले. मुलगी हसली नाही. तिने थेट ताईला विचारलं, ‘‘खरंच का हो? ठरवून होतं हे?’’

ताईच्या हातात चिखलाने जड झालेला दोर होता. एक शब्द पुरेसा होता. ‘नाही’ म्हटलं की साहेबाला कळलं असतं, की या माणसाला स्वतःची जमीन ठाऊक नाही, त्याने पाठवलेला नकाशा खोटा आहे, आणि तासाभराने इथे गाड्यांची हँडलंसुद्धा दिसली नसती. तिने छोट्याकडे पाहिलं. चिखलात त्याचे डोळे तेवढे दिसत होते. ते तिला विनवत होते, आणि काय विनवत होते ते तिला पाठ होतं.

‘‘आधी तुझा बूट शोधू,’’ ती मुलीला म्हणाली. ‘‘मग पाणी येईल.’’

पाहुणे जाईपर्यंत चार वाजले. ताई शेडसमोर गाड्या धूत होती. चिखल ओला असताना निघतो. वाळला की सिमेंट. पाइपच्या पाण्याखाली म्हातारीचा जुना रंग मधूनच दिसत होता. छोट्या आंघोळ करून, दुसरे कपडे घालून आला.

‘‘ताई, झालं! त्यांनी हो म्हटलं. आत्ता, निघताना. हात मिळवून गेले. सगळं तुझ्यामुळे, खरंच सांगतो. तू आली नसतीस तर...’’

‘‘तू फोन का नाही केलास मला?’’

‘‘अगं, गडबडीत...’’

‘‘मिस्त्रीला सहा केलेस.’’

छोट्या पाण्याच्या धारेपासून दोन पावलं मागे सरला. ‘‘त्यांचं डोकं बघ कसं चालतं. म्हणाले, संपूर्ण दलदलीत भराव घालून पक्का रस्ता करायचा, आणि बाजूला एक सिमेंटचा हौद. त्यात चिखल सोडायचा, बेताचा. गिऱ्हाईक रुतणार, पोरं येऊन बाहेर काढणार. गणवेश घातलेली.’’

‘‘माझ्या खोल्या?’’

‘‘शेड तर जाणार ना, ताई. तिकडे तिकीटघर येतंय.’’ तो घाईने म्हणाला, ‘‘तू आमच्याकडे ये. मागची खोली आहे की. पोरांचं सामान असतं तिथे, ते हलवू. तुला आता कशाला ही दगदग? पहाटे उठणं नको, चिखल नको.’’

‘‘बाबांनी काय सांगितलं होतं तुला?’’

‘‘बाबांचा काळ वेगळा होता.’’

पाइपचं पाणी नुसतंच जमिनीवर पडत होतं. ताईने ते बंद केलं. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाजाला आतून जोरच नव्हता. ‘‘तू म्हणालास कुणाला सांगू नकोस,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मी दोन्ही वेळा नाही सांगितलं.’’

‘‘काय? कधी?’’ छोट्याने विचारलं.

त्याला आठवतच नव्हतं. मोडलेलं दार नाही, तो तास नाही, काही नाही. ताईने त्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

‘‘बरं, एक काम होतं,’’ तो जाता जाता म्हणाला. ‘‘उद्या दहाला त्यांची आखणीची माणसं येणार आहेत. पक्का रस्ता कुठून न्यायचा ते ठरवायला. त्या मुलीने मोडता घातलाय. म्हणते, मोबाइलची रेघ नको, जमीन घट्ट कुठे आहे ते दाखवा. सकाळी तेवढ्या काठ्या लाव ना, नीट. एकदाच. मग सुटलीस तू.’’

ताईने मान हलवली. त्याने ती होकार म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती नेहमीसारखी उतरली. तिन्ही गाड्या काल जिथे रुतल्या होत्या तिथे आता नुसतं पाणी होतं, वर साय, साळसूद. तिने सवयीने मापाची काठी टाकली. खाच दिसेनाशी झाली. तिने काठी काढून पुसली आणि खांद्याला लावली. मग बांधापासून सुरुवात करून एकेक पांढरं डोकं धरलं, हलवलं आणि उपटलं. काही काठ्या तिनेच मागच्या पावसाळ्यात रंगवलेल्या, काहींचा रंग बाबांच्या हातचा. मोडलेलीसुद्धा तिने सोडली नाही. तिच्यामागे जमीन एकसारखी होत गेली. हिरवी, ओली, कुठूनही कुठेही सारखीच.

छोट्याच्या ऑफिसात फरशी पुसून ठेवली होती. ताई बुटांसकट आत आली, जे बाबांच्या वेळी कुणाला करता येत नसे. दोन खेपांत तिने दोन मोळ्या आणून टेबलावर, त्याच्या नकाशावर टाकल्या. चिखलाचं पाणी कडेने ठिबकू लागलं.

‘‘हे काय?’’

‘‘वाट,’’ ताई म्हणाली. ‘‘तू विकलीस ना, ती. घे.’’

‘‘ताई, अगं, दहाला माणसं येणार आहेत!’’

‘‘मग आटप. दोनेक तास लागतात.’’ तिने मापाची काठी मोळीवर आडवी ठेवली. ‘‘ही पण घे. खाच गाडीच्या आसाएवढी आहे.’’

छोट्याने एक मोळी उचलली. ती त्याला वाटली त्यापेक्षा जड होती. ती छातीशी धरून तो दारापर्यंत आला आणि समोरच्या हिरव्या, सपाट, सारख्या दलदलीकडे बघत उभा राहिला. सुरुवात कुठून करायची, हे त्याने विचारलं. मग पुन्हा विचारलं.

ताई जिना चढत होती. तिने सांगितलं नाही.